कापडी वाचनखूण: शिलाई मशीन शिकणाऱ्यांसाठी पहिलं काम

मशीनवर नव्यानं बसणाऱ्याला बहुतेक ठिकाणी उशीची खोळ किंवा परकर शिवायला देतात. सरळ टिपा असतात म्हणून. पण त्या टिपा लांब असतात. नवख्याचा पाय दमतो, कापड सरकतं, आणि एवढं कापड वाया गेलं तर काय या धास्तीनं हात आखडतो. मी शिकवताना पहिल्यांदा वाचनखूण शिवायला लावते. तिला मोठ्या कापडातून उरलेले दोन तुकडे पुरतात. तरी सरळ टीप, चार कोपरे, तोंड ठेवून उलटवणं, इस्त्री आणि वरून दिसणारी टीप हे सगळं त्यात येतं. पुढे कॉलर, पिशवीचा बंद किंवा कमरपट्टी शिवताना हातांना याच हालचाली कराव्या लागतात.

शिवण सोपी असली तरी ही वस्तू पुस्तकात राहणार आहे, आणि पुस्तक गोव्यात राहणार आहे. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत कपाटातल्या कागदाला ओल धरते, पानांवर तपकिरी ठिपके येतात, कसर लागते. अशा हवेत खळ असलेलं, रंग सोडणारं किंवा जाड कापड महिनोन्महिने दोन पानांमध्ये राहिलं, तर खूणच पुस्तक बिघडवते. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाची सुरुवात 1832 सालची. तिथलं पुस्तक घरी आणलं की पानाचा कोपरा दुमडायचा नाही हे आपण जाणतोच. पानात ठेवलेल्या खुणेनंही डाग पडू नये, एवढी काळजी त्या पुस्तकाची घ्यायला हवी. म्हणून या लेखात शिवणीइतकंच कापडाबद्दल लिहिलं आहे.

कोणतं कापड घ्यावं

पातळ, घट्ट विणीचं सुती कापड. याला पर्याय शोधू नका. रेशमी किंवा सॅटिन कापड नवख्याच्या हातात मशीनच्या फुटाखालून, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखालून, निसटतं. सिंथेटिक कापड इस्त्रीला दाद देत नाही, घडी बसत नाही. जीन्सचं कापड मजबूत असतं, पण त्याची खूण पुस्तकात घातली की पुस्तक नीट मिटत नाही आणि बांधणीवर ताण येतो. शिवलेल्या खुणेच्या कडेला कापडाचे चार थर एकावर एक येतात, त्यामुळे एका थराची जाडी किती हे आधीच बघायचं. तुकडा चार पदरी दुमडून दोन बोटांत दाबून पाहा. उशीसारखा फुगीर लागला तर तो पिशवीसाठी ठेवून द्या.

बाजारात जाण्याआधी घरचं कपाट उघडा. ओटीत आलेले ब्लाऊजपीस प्रत्येक घरात साठलेले असतात. त्यातले सुती निवडा. चवथीला शिवलेल्या कपड्यांची कात्रणं असतील तर तीही चालतील. खुणेच्या मागच्या बाजूला टू बाय टू रुबिया हे ब्लाऊजचं कापड उत्तम. तो पातळ असतो, कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये हव्या त्या रंगात मिळतो आणि इस्त्रीला छान बसतो.

पुढच्या बाजूला मात्र पहिल्या वेळी चौकडीचंच कापड घ्या, असा माझा आग्रह आहे. विणलेल्या चौकडीत धाग्याचा उभा-आडवा कल डोळ्यांना दिसतो. कात्री रेषेवरून चालवली की तुकडा आपोआप काटकोनात येतो. टीप वाकडी गेली तर चौकट लगेच सांगते. गोव्यात यासाठी कुणबी साडीची लाल-पांढरी चौकडी आहेच. कुणबी बायांच्या अंगावरचं हे कापड कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांच्या नजरेत आणलं. आज त्या धर्तीच्या सुती साड्या, ओढण्या दिसतात. अशा ओढणीचा किंवा साडीचा उरलेला तुकडा वाचनखुणेला फार शोभतो. फक्त चौकडी विणलेली आहे की छापलेली, ते उलट बाजू बघून तपासा. दोन्ही बाजूंना रंग सारखा दिसला तर बहुधा विणलेली. छापलेली चौकडी अनेकदा धाग्याला तिरकी असते, आणि मग तिच्यावर भरवसा ठेवून कापलेला तुकडा धुतल्यावर पिळवटतो.

धुणं टाळायचं नाही

नव्या सुती कापडाला खळ असते. खळ म्हणजे स्टार्च, आणि स्टार्च हे कसरीचं आवडतं खाद्य. दमट हवेत त्यावर बुरशीही लवकर धरते. म्हणून कापड कापण्याआधी कोमट पाण्यात तासभर भिजवा, साध्या साबणानं धुवा, पाणी गढूळ येणं थांबेपर्यंत खळबळा. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतंही, ते शिवण्याआधीच आटलेलं बरं. शिवल्यानंतर पुढचं कापड आटलं आणि मागचं नाही, तर खूण वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही.

रंगाची परीक्षा वेगळी करायची. धुतलेलं कापड ओलं असतानाच पांढऱ्या सुती फडक्यावर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर गुलाबी किंवा निळी छटा उमटली तर कापड अजून रंग सोडतंय. दोन-तीनदा धुऊन पुन्हा बघा. तरी उमटत असेल तर ते कापड वाचनखुणेला वापरू नका, मग ते कितीही आवडलेलं असो. लाल, गडद निळा आणि काळा यांच्या बाबतीत ही परीक्षा चुकवूच नका. पावसाळ्यात पानाला आलेली ओल रंग उतरवायला पुरेशी असते.

पावसात कापड वाळवणं हा वेगळा प्रश्न. पडवीत दोरीवर दोन दिवस ठेवूनही ते आतून दमट राहतं. पंख्याखाली वाळवा आणि शेवटी इस्त्रीनं कोरडं करा. हाताला गार लागत असेल तर त्यात पाणी आहे असं समजा.

सामान

कापडाचे दोन तुकडे, पातळ चिकट बकरम (कापडाला आतून ताठपणा देणारं अस्तर), कापडाच्या रंगाचा दोरा, टेप, खडू, धारदार कात्री, चार-पाच टाचण्या, उसवणी, इस्त्री. गोंड्यासाठी भरतकामाच्या दोऱ्याची एक लडी आणि थोडी पातळ सुती दोरी.

बकरम मागताना दुकानदाराला 'इस्त्रीनं चिकटणारं, गळ्याच्या पट्टीला लावतात ते पातळ' असं सांगा. शर्टाच्या कॉलरचं कडक बकरम घेतलंत तर खूण उलटवताना कोपरे निघत नाहीत आणि वस्तू पुठ्ठ्यासारखी होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणं होत असेल तर हे सगळं एकाच फेरीत मिळतं. मडगाव, पणजी, फोंड्यातही शिलाईच्या सामानाची दुकानं आहेत. दोरा साधा पॉलिस्टरचा चालेल, पण रीळ ताजं हवं. वर्षानुवर्षं डब्यात पडलेला सुती दोरा इथल्या हवेत कुजतो. हातात धरून झटका द्या, सहज तुटला तर मशीनवरही तुटणार.

मशीनची तयारी

पायाचं काळं मशीन असो की विजेचं, या कामाला साधी सरळ टीप पुरते. पायाच्या मशीनचा पावसाळ्यात एक फायदा आहे. वीज गेली तरी काम थांबत नाही. इस्त्रीची कामं तेवढी वीज असताना उरकून ठेवा.

सुई 14 नंबरची लावा. कापड रुबियासारखं तलम असेल तर 11 नंबरची. सुई बसवताना ती वरपर्यंत गेली आहे का बघा आणि स्क्रू घट्ट करा. दोरा कुठल्या बाजूनं ओवायचा असा गोंधळ झाला तर सुईवर नख फिरवा. ज्या बाजूला उभी लांब खाच लागेल, त्या बाजूनं दोरा आत जातो. हा नियम सगळ्या घरगुती मशीनना लागू आहे.

दोरा ओवताना फूट वर उचललेलं असू द्या. फूट खाली असेल तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये जात नाही, आणि मग खाली दोऱ्याचं जाळं होतं. नवख्यांची निम्मी रड इथेच असते. दोरा ओवून झाला की फूट खाली करा आणि दोरा ओढून पाहा. ताण जाणवला पाहिजे. मग एका हातानं वरचा दोरा धरून चाक आपल्या दिशेनं एक फेरी फिरवा. बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळीचा, दोरा वर येतो. दोन्ही दोरे फुटाखालून मागे घ्या, चार-पाच इंच मोकळे ठेवा.

पायाच्या मशीनवर पहिली सवय दिशेची. चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. सुरुवात हातानं चाक फिरवून करायची आणि मग पायांनी ती गती पकडायची. दोन्ही पाय पायट्यावर ठेवा, एक थोडा पुढे, एक थोडा मागे. त्यानं गती हातात राहते.

कापडावर जाण्याआधी कागदावर सराव करा. वहीचं रेघांचं पान घ्या, दोरा काढून टाका, जुनी सुई लावा आणि रेघेवरून छिद्रं पाडत जा. कागदानं सुईची धार जाते, म्हणून नवी सुई यासाठी वापरू नका. रेघेवर नीट जाता येऊ लागलं की चौकोन काढून त्याच्या कोपऱ्यांवर वळा. कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली हवी. मग फूट उचला, कागद फिरवा, फूट खाली करा, पुढे चला. या चार हालचाली विचार न करता होऊ लागेपर्यंत कागद सोडू नका. नजर सुईवर ठेवायची नाही. सुई आपलं काम करते. नजर फुटाच्या पुढे, जिथे जायचं तिथे.

टाक्याची लांबी इंचाला साधारण दहा टाके. नव्या मशीनवर टाक्याच्या लांबीचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो, तो अडीचच्या जवळ ठेवा. पावसाळ्यात मशीन बरेच दिवस बंद असेल तर आधी तेलाचे थेंब घालून चिंधीवर थोडा वेळ चालवा, म्हणजे जास्तीचं तेल त्या चिंधीत उतरेल.

माप आणि कापणी

मराठी कादंबऱ्या, कथासंग्रह बहुतेक डेमी आकाराचे असतात, म्हणजे उंची सुमारे साडेआठ इंच. त्यासाठी 2 इंच रुंद आणि 7 इंच लांब खूण बरोबर बसते. वरचा गोंडा तेवढा पुस्तकाबाहेर लोंबतो. छोट्या पुस्तकांना 6 इंच लांबी पुरे. पहिल्यांदा 2 बाय 7 च करा, कारण यापेक्षा अरुंद केली तर उलटवताना जीव जातो.

चारही बाजूंना पाव इंच मार्जिन धरून पुढचा आणि मागचा तुकडा प्रत्येकी 2½ बाय 7½ इंचांचा कापायचा. खुणेची लांबी कापडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेनं ठेवा. उभा धागा कोणता हे किनारीवरून कळतं, तो किनारीला समांतर असतो. किनार नसेल तर कापड दोन्ही दिशांनी ओढून बघा, जी दिशा कमी ताणली जाते ती उभी. तिरप्यात, म्हणजे उरेबमध्ये, चुकूनही कापू नका.

कापण्याआधी इस्त्री करा. सुरकुती पडलेल्या कापडावर घेतलेलं माप खोटं असतं. खडूची रेघ बारीक हवी. खडूला टोक नसेल तर ब्लेडनं तासून घ्या, नाहीतर जाड रेघेच्या आत कापलं की बाहेर या घोळात माप चुकतं. चौकडीचं कापड असेल तर चौकट खुणेच्या मधोमध कशी येईल हे ठरवून मगच खडू लावा.

बकरम मात्र 1⅞ बाय 6⅞ इंचाचं कापायचं, तयार खुणेपेक्षा किंचित लहान. बकरम शिवणीत अडकलं तर कडा जाड होतात, आणि या कामात जाडी टाळणं हेच तर बघायचं आहे.

बकरम चिकटवणं

ते पुढच्या तुकड्याच्या उलट बाजूला लावायचं. तुकडा उलटा पसरा, बकरम चारही बाजूंनी सारखं अंतर ठेवून मधोमध ठेवा, चकाकणारी किंवा खरखरीत बाजू कापडाकडे. वर पातळ सुती रुमाल टाका. इस्त्री सुती कापडाच्या आकड्यावर, वाफ बंद. इस्त्री ठेवून दहा सेकंद दाबा, उचला, शेजारी ठेवून पुन्हा दाबा. घासू नका, घासलं की बकरम सरकतं. मग तुकडा पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. गरम असताना गोंद मऊ असतो, तेव्हा उचललं तर फुगे येतात. कोपरा सुटला असेल तर पुन्हा दाबा.

आता बकरमची कड तुम्हाला शिवणीची रेघ म्हणून मिळाली. खडूनं वेगळी रेघ आखायची गरज नाही. त्या कडेच्या अगदी लगत, बाहेरून टीप मारत जायचं.

शिवण

आधी गोंडा अडकवायचा फास बसवून घ्या. पातळ सुती दोरीचा पाच इंचांचा तुकडा दुमडा. पुढच्या तुकड्याच्या सुलट बाजूला, वरच्या आखूड कडेच्या बरोबर मध्यावर ठेवा. दोरीची मोकळी टोकं कडेच्या बाहेर किंचित डोकावतील आणि फास आतल्या दिशेला राहील. एका टाक्यानं हातानं अडकवून टाका, म्हणजे शिवताना हलणार नाही. फासाचा बाकीचा भाग मधोमध गोळा करून ठेवा, नाहीतर तो बाजूच्या शिवणीत सापडतो.

आता मागचा तुकडा त्यावर ठेवा आणि दोन्ही मिळून पालथे करा. दोन्ही सुलट बाजू एकमेकींकडे, बकरम लावलेली बाजू तुमच्याकडे वर. कडा जुळवा, टाचण्या कडेला आडव्या लावा. सुई टाचणीपाशी येण्याआधी टाचणी काढायची. टाचणीवरून शिवलं तर सुई तुटते आणि तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

एका लांब कडेच्या मधोमध दोन इंचांची जागा मोकळी सोडायची आहे, उलटवायला. तिथे खडूनं दोन खुणा करा. एका खुणेपासून सुरुवात करायची, पूर्ण फेरी मारून दुसऱ्या खुणेपाशी थांबायचं. तोंड आखूड बाजूला ठेवलेलं काही ठिकाणी दिसतं, पण तिथेच दोरी येते आणि बंद करताना सगळं एका जागी दाटतं. लांब बाजूचं तोंड वरच्या टिपेत बेमालूम मिटतं.

सुई खाली, फूट खाली, दोन्ही दोरे मागे धरलेले. तीन टाके पुढे, तीन मागे, मग पुढे चला. मागे शिवायची सोय नसलेलं जुनं मशीन असेल तर सुरुवातीला टाका बारीक करून पाच-सहा टाके घ्या, शेवटी दोऱ्यांना गाठ मारा. दोन्ही हात कापडावर हलके ठेवा. फक्त दिशा द्यायची. ओढायचं काम फुटाखालचे दाते करतात. मागून कापड ओढलं तर सुई वाकते.

कोपऱ्यापाशी आलात की शेवटचे टाके हातानं चाक फिरवून घ्या. बरोबर टोकावर काटकोनात वळण्यापेक्षा टोकाच्या एक टाका अलीकडे थांबा, तिरका एक टाका मारा आणि मग पुढच्या बाजूला वळा. वाचताना हे उलटं वाटेल, पण उलटवल्यावर असा कोपरा जास्त टोकदार दिसतो. त्या एका तिरक्या टाक्यामुळे आत दुमडणाऱ्या कापडाला जागा मिळते.

दोरी असलेल्या आखूड बाजूवर सावकाश जा. दोरीच्या जागी दोनदा टीप मारा, कारण पुस्तक उघडताना लोक गोंडा धरूनच ओढतात. दुसऱ्या खुणेपाशी पोचल्यावर पुन्हा तीन टाके मागे-पुढे. फूट उचला, कापड मागे घेऊन दोरे कापा.

कापून हलकं करणं, उलटवणं

चारही कोपरे तिरके कापा, शिवणीपासून एक अष्टमांश इंच सोडून. बाकीचं मार्जिनही तेवढंच उरवा, फक्त मोकळ्या तोंडापाशी पूर्ण पाव इंच राहू द्या. तिथे कापड आत दुमडायचं आहे. हे कापणं आळसानं टाळलं तर कडा जाड राहतात आणि कितीही इस्त्री केली तरी खूण सपाट होत नाही.

उलटवण्याआधी शिवणीवर जशी आहे तशी एकदा इस्त्री फिरवा. टाके कापडात बसतात. मग तोंडातून आधी दूरचा आखूड भाग बाहेर काढा, नंतर दुसरा. बकरमवर सुरकुत्या पडतील, घाबरू नका. कोपरे बाहेर काढायला रंगाच्या ब्रशचं मागचं बोथट टोक किंवा विणकामाची जाड सुई घ्या. कात्रीचं टोक कधीच नाही, ते कोपऱ्यातून आरपार जातं. कोपरा एकदम ढकलू नका. आतून टोक टेकवा आणि बाहेरून अंगठ्यानं कापड त्यावर ओढत न्या.

आता शिवण दोन बोटांत धरून चोळा, म्हणजे ती बरोबर कडेवर येईल. मागचं कापड पुढून डोकावत असेल तर ते किंचित मागे ढकलून दाबा. तोंडाचं मार्जिन आत दुमडून बाकीच्या कडेच्या रेषेत आणा. मग इस्त्री, आधी मागून आणि नंतर पुढून. पूर्ण गार होईपर्यंत जाड पुस्तकाखाली ठेवा. शिकणाऱ्या मुली मशीन सोडून उठायला नाखूश असतात, पण इस्त्रीशिवाय केलेली वाचनखूण घरगुती दिसते आणि इस्त्री केलेली दुकानातली. दोघींची शिवण एकाच हातची असली तरी.

वरची टीप

ही टीप सगळ्यांना दिसणार, म्हणून टाका थोडा लांब करा, इंचाला आठ. कडेपासून एक अष्टमांश इंचावर चारही बाजूंनी फिरायचं. सुरुवात तोंडाच्या थोडी आधी, लांब बाजूवर करा, म्हणजे तोंड पहिल्याच टप्प्यात मिटेल. फुटाच्या कुठल्या भागावरून कड गेली की हे अंतर येतं, ते चिंधीवर आधी बघून ठेवा आणि पूर्ण फेरीत तीच जागा धरा.

कोपऱ्यावर थर जास्त असतात. फूट चढत नसेल तर मागच्या बाजूला त्याच जाडीची घडी केलेली चिंधी फुटाखाली सरकवा, फूट सपाट होतं आणि चालू लागतं. शेवटी सुरुवातीच्या टाक्यांवर दोन-तीन टाके चढवा. उरलेले दोरे हातसुईत ओवून दोन थरांच्या मधून आत ओढून कापा.

दोऱ्याचा रंग कोणता? पहिल्या खुणेला कापडाशी मिळता घ्या. तीन-चार खुणा झाल्या, टीप सरळ येऊ लागली, की मग लाल चौकडीवर पांढरा किंवा रुबियावर पिवळा घ्यायला मजा येते.

गोंडा

दोन इंच रुंदीचा पुठ्ठा घ्या. भरतकामाचा दोरा त्यावर वीस-पंचवीस फेरे गुंडाळा. वरच्या कडेखालून वेगळा दोरा घालून घट्ट गाठ मारा, खालची कड कापा, पुठ्ठा काढा. डोक्यापासून थोडं खाली दुसऱ्या दोऱ्यानं सात-आठ वेढे देऊन बांधा, टोकं सुईनं आत घ्या. खालची झालर कात्रीनं एका रेषेत आणा. गोंड्याच्या वरचे दोरे फासात ओवून बांधा. गोंड्याच्या दोऱ्याचीही रंगपरीक्षा करा, विशेषतः गडद लाल असेल तर.

धातूचे मणी, घुंगरू, आयलेट यांचा मोह होतो. इथल्या खारट, दमट हवेत धातू गंजतो किंवा काळवंडतो आणि कागदावर डाग सोडतो. बटणं आणि मोठे मणी पानावर खड्डे पाडतात. भरतकाम करायचं असेल तर एक-दोन धाग्यांचं सपाट काम, आणि तेही बकरम लावण्याआधी. मुलाचं नाव, एखादं सुरंगीचं फूल, एवढं पुरे.

बिघडतं कुठे

खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली की लोक बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. दोरा पूर्ण काढा, फूट उचलून पुन्हा ओवा. वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचं टेन्शन जास्त आहे, अर्धा फेरा सैल करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही.

टाके मधूनमधून सुटत असतील तर सुई बदला. ती बोथट असेल, वाकली असेल किंवा पूर्ण वर बसली नसेल. सुरुवातीलाच तलम कापड सुईच्या छिद्रात खेचलं जात असेल तर खाली वर्तमानपत्राचा बारीक पट्टा ठेवून शिवा, नंतर तो फाडून काढता येतो. दोरा सतत तुटत असेल तर क्रमानं बघा: ओवण्याची दिशा, सुईचं भोक, दोऱ्याचं वय, टेन्शन.

वाकडी गेलेली टीप पूर्ण उसवू नका. चुकलेला भाग दोन्हीकडून थोडा जास्त उसवा आणि चांगल्या टाक्यांवर अर्धा इंच चढून नवीन टीप जोडा. उसवताना तिसरा-चौथा टाका कापत जा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, कापडाला छिद्रं पडत नाहीत.

एकाच वेळी अनेक

शाळेतल्या मुलांना द्यायला किंवा चवथीला घरी येणाऱ्यांसाठी दहा-बारा करायच्या असतील तर एक-एक पूर्ण करू नका. सगळं कापड एकदम धुवा, सगळे तुकडे एकदम कापा, बकरम एकाच बैठकीत लावा. शिवतानाही पहिल्या खुणेची फेरी संपली की दोरा न कापता दुसरी फुटाखाली सरकवा. मधले दोरे शेवटी कापता येतात, आणि सुरुवातीचा दोरा गुंतण्याचा त्रास पहिल्यालाच होतो.

तयार खूण मळली तर गार पाण्यात हातानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि मागून इस्त्री करा. बकरम सुटलेलं वाटलं तर त्याच इस्त्रीत ते परत बसतं. पावसाळ्यात खूण पुन्हा पुस्तकात ठेवण्याआधी एक रात्र पंख्याखाली राहू द्या. आणि जे पुस्तक वाचून झालं, कपाटात जाणार आहे, त्यातून खूण काढून घ्या. पुढच्या पुस्तकाला ती लागणारच आहे.